पुराच्या गांवांतील चौकट

मराठींत गांवाची वस्ती सांगण्याची एक जुनी रीत आहे. गांव केवढें, असें विचारलें कीं उत्तर येतें, 'दोनशें उंबऱ्यांचें.' माणसें मोजीत नाहींत, छपरेंहि मोजीत नाहींत; मोजतात तो उंबरा. चौकटींतील सर्वांत खालचा, पायांखालीं झिजणारा भाग साऱ्या घराचा प्रतिनिधि मानला गेला. त्याचें नांवहि विचार करण्यासारखें आहे. शिल्पशास्त्रांत दाराच्या खालच्या आडव्या भागास उदुंबर म्हणतात, आणि उदुंबर म्हणजे उंबराचें झाड. मराठींतील उंबरा आणि उंबरठा हे त्याच नांवाचे वंशज होत.

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडीस हा शब्द दोन्ही अर्थांनीं लागू पडतो. तेथील देवस्थान औदुंबराच्या छायेंतलें. श्रीनृसिंहसरस्वतींनीं त्या ठिकाणीं बारा वर्षें वास्तव्य केलें अशी परंपरा असून त्यांच्या पादुकांची पूजा तेथें अखंड चालत आली आहे. त्याच गांवांत पावसाळा मोठा झाला कीं नदी घाटाच्या पायऱ्या चढून घरांच्या उंबऱ्यांशीं येऊन उभी राहते. दाराची चौकट कशाची असावी, हा प्रश्न इतर गांवीं शोभेचा किंवा खर्चाचा असेल. वाडीसारख्या गांवीं तो घर टिकण्या-न टिकण्याचा होऊन बसतो. आणि हा प्रश्न फार जुना आहे. निरनिराळ्या काळीं माणसानें त्यास निरनिराळीं उत्तरें दिलीं, आणि प्रत्येक उत्तराची नदीनें परीक्षा घेतली.

या विषयावरील फार जुनी साक्ष एका परदेशी वकिलाची आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारीं आलेल्या मेगास्थनीसानें इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपल्या देशाचें जें वर्णन केलें, त्याचा सारांश एरियन या ग्रीक ग्रंथकारानें जपून ठेविला आहे. त्यांत असें सांगितलें आहे कीं, नदीकांठचीं व समुद्रकांठचीं नगरें येथील लोक लांकडाचीं बांधतात, कारण पावसापुढें आणि नद्यांच्या पुरापुढें विटा टिकत नाहींत. उंचावरील नगरें मात्र विटामातीचीं असतात. म्हणजे कोणत्या जागेस कोणतें साहित्य, हा निर्णय त्या काळीं पाण्यास विचारून होत असे. आजच्या वाचकास मात्र हें उलटें वाटेल. पाण्यानें लांकूडच आधीं कुजतें, अशी आपली समजूत. मग मौर्यकालीन सुतार चुकले काय?

ते चुकले नव्हते, याचा पुरावा जमिनींतून बाहेर आला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत पाटण्याजवळ, बुलंदीबाग येथें, पाटलिपुत्राच्या लांकडी तटाचे अवशेष खणून काढण्यांत आले. शालवृक्षाचे ते मोठमोठे वांसे ओल्या चिखलांत बावीसशें वर्षांवर राहूनहि ओळखूं येण्याइतके शाबूत होते. दुसरें उदाहरण महाराष्ट्रांतलेंच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानदार छताखालीं सागवानी फांसळ्या बसविलेल्या आहेत. सुमारें दोन हजार वर्षें झालीं, तरी त्या जागच्या जागीं आहेत. पाटण्याचें लांकूड सदैव पाण्यांत, कार्ल्याचें लांकूड सदैव कोरडें. आणि दोन्ही टिकलीं.

याचें कारण रसायनांत नसून जीवशास्त्रांत आहे. लांकूड कुजतें तें पाण्यामुळें नव्हे, तर बुरशीमुळें. या बुरशीस जगण्यास ओल हवी आणि हवाहि हवी. कोरड्या लांकडांत तिला ओल मिळत नाहीं, बुडालेल्या लांकडांत हवा मिळत नाहीं. मात्र जें लांकूड आज भिजलें, उद्यां अर्धवट वाळलें आणि परवां पुन्हा भिजलें, त्यांत तिला दोन्ही मिळतात. विहिरीच्या तळाशीं बसवावयाच्या कड्यासाठीं आपल्याकडे उंबराचें लांकूड वापरीत, तें याच अनुभवावरून. उंबर उघड्यावर फार दिवस टिकत नाहीं. त्याचें लांकूड मऊ व हलकें. परंतु पाण्याखालीं तें दीर्घकाळ टिकतें. जांभळीचेंहि तसेंच.

वाडीच्या घराची चौकट विहिरींतहि नाहीं आणि लेण्यांतहि नाहीं. तिचें स्थान नेमकें या दोहोंच्या मधलें, म्हणजे लांकडाच्या दृष्टीनें सर्वांत वाईट. पूर येतो, कांहीं दिवस मुक्काम करतो आणि ओसरतो. मग चौकट भिंतीच्या ओलीनें महिनोन्महिने दमट राहते. त्यांतहि चौकटीचा सगळा भाग सारखा भिजत नाहीं. उभ्या बाजूंचे खालचे एक-दोन हात आणि उंबरा यांनाच खरा त्रास होतो. उभ्या लांकडाचें कापलेलें टोंक जमिनींत गेलेलें असतें आणि झाडाच्या नळ्या त्या टोंकाशीं उघड्या असल्यानें पाणी तेथून झपाट्यानें वर चढतें. वरची गणेशपट्टी शंभर वर्षें ठणठणीत, आणि पायाशीं मात्र सुतारानें तिसऱ्यांदा जोड दिलेला, असें दृश्य नदीकांठच्या जुन्या घरांत नवलाचें नाहीं.

दुसरें उत्तर दगडाचें. तें पाहण्यासाठीं वाडीहून फार दूर जावयास नको. शिरोळ तालुक्यांतच, कृष्णेच्या कांठीं, खिद्रापूर येथें कोपेश्वराचें देऊळ आहे. शिलाहारांच्या काळांतील, बाराव्या शतकांतील, हें काम. यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा, म्हणजे इ. स. १२१३-१४ चा, शिलालेख तेथें आहे. तेथील द्वारशाखा, म्हणजे दाराच्या दगडी चौकटीवरील नक्षीचे उभे पट्टे, आठ शतकांनंतरहि वाचतां येतात. दगडास वाळवी नाहीं, बुरशी नाहीं, गंज नाहीं. पण दगडाचा एक स्वभाव सुतारास व गवंड्यास पक्का ठाऊक असतो. तो दाब कितीहि सोसतो, वांकणें मात्र सोसत नाहीं. दारावर आडवा टाकलेला दगड लांब झाला कीं स्वतःच्याच वजनानें मधोमध तडकतो. म्हणून देवळाच्या गाभाऱ्याचें दार अरुंद असतें. गाभाऱ्यास तें शोभतें. पण ज्या घरास चौकांतून उजेड, वारा आणि धान्याचीं पोतीं आंत घ्यावयाचीं असतात, त्याचें दगडी चौकटींत भागत नाहीं.

देशावरच्या वाड्यांनीं या दोन्ही उत्तरांचा संयोग केला. जोतें घडीव दगडाचें, खांबांखालीं दगडी तळखडे, उंबऱ्याखालीं दगड. आणि त्यावर लांकडाचा सांगाडा. चौकाभोंवतालचे सोपे खांबांवर मोकळे उघडे ठेवावयाचे आणि दारें आंतल्या खोल्यांना. ओल जेथें चढते तेथें दगड, जेथें वांक सोसावयाचा तेथें लांकूड, अशी ही वांटणी होती. पुण्याच्या शनिवारवाड्याची गोष्ट या वांटणीची दुसरी बाजू दाखविते. इ. स. १७३० मध्यें पाया घातलेल्या त्या वाड्याचें आंतील बहुतेक लांकूडकाम इ. स. १८२८ च्या आगींत जळालें. उरले ते मुख्यतः दगडी जोतीं आणि तट. पाण्यानें लांकूड हळूहळू जातें, अग्नीनें एका आठवड्यांत. कोणतेंहि साहित्य सर्व शत्रूंस पुरून उरत नाहीं, हा धडा जुन्या बांधकामांत पदोपदीं मिळतो.

हें लांकूड म्हणजे मुख्यतः सागवान. साग मोलाचा कां, हें मराठी राज्यकर्त्यांस चांगलें माहीत होतें. रामचंद्रपंत अमात्य, ज्यांच्या घराण्याची बावड्याची जहागीर पुढें कोल्हापूरच्या राज्यांत नांदली, त्यांनीं इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रां'त आरमाराच्या प्रकरणीं झाडांविषयीं जे नियम घालून दिले आहेत, ते अभ्यासण्यासारखे आहेत. सागासारखीं जहाजाच्या उपयोगाचीं झाडें राज्यांतील अरण्यांतून हुजूरची परवानगी घेऊन तोडावींत, उणें पडेल तें परमुलखांतून विकत आणावें. परंतु आंबा, फणस यांस हात लावूं नये, कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत आणि रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, असा त्याचा आशय आहे. लांकडाची निवड करतांना त्याची मजबुती पाहावी, तसाच तें कोणाच्या दारचें आहे हेंहि पाहावें, हा विचार त्यांत आहे.

सागाची कीर्ति पाण्यावरच सिद्ध झाली. त्याच्या गाभ्यांत एक प्रकारचें तेल व कांहीं द्रव्यें असतात, त्यामुळें वाळवी व बुरशी त्यापासून दूर राहतात. आणि भिजून वाळतांना तें फारसें फुगत किंवा आकसत नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखालीं इंग्रजी आरमारासाठीं सागवानी जहाजें बांधलीं जात. त्यांपैकीं इ. स. १८१७ मध्यें पाण्यांत सोडलेलें 'ट्रिंकोमाली' हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि तरंगत आहे. अशा मागणीमुळें मलबारचीं अरण्यें विरळ होऊं लागलीं, म्हणून १८४० नंतरच्या दशकांत निलंबूर येथें सागाची लागवड सुरू करण्यांत आली. इ. स. १८५२ मध्यें पेगू प्रांत इंग्रजांकडे गेल्यावर ब्रह्मदेशाचा साग मुंबईच्या बाजारांत मोठ्या प्रमाणावर येऊं लागला. इ. स. १८९१ मध्यें मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि दूरचें लांकूड या मुलखांत आणणें सुलभ झालें.

पण येथेंच एक फसगतहि सुरू झाली. साग म्हणून मिळणारें सर्वच लांकूड सारखें नव्हे. झाडाच्या मधला तपकिरी गाभा टिकाऊ; त्याभोंवतालचा पांढरट भाग इतर कोणत्याहि लांकडासारखाच कुजतो. जुन्या अरण्यांतील झाड शंभर-दीडशें वर्षांचें असे आणि त्यांत गाभाच फार असे. लवकर तोडलेल्या लहान झाडांत पांढऱ्या भागाचें प्रमाण अधिक राहतें. आजोबांच्या वेळची चौकट टिकली आणि नातवाची टिकली नाहीं, याचा दोष नेहमींच सुताराच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. नांव तेंच असलें तरी लांकडाचें वय बदललेलें असतें.

मग लोखंड आलें. कृष्णेच्या खोऱ्यांत नव्या लोखंडाची पहिली ओळख झाली ती दारांतून नव्हे, शेतांतून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं इ. स. १९१० मध्यें कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हां लोखंडी नांगरानें जमीन बिघडेल अशी शंका शेतकरी घेत असत. ती शंका फिटली. पुढें लोखंडाच्या खिडक्या व चौकटी शहरांतून गांवोगांवीं पसरल्या. लोखंडास वाळवी लागत नाहीं आणि बारीक चौकटींतहि रुंद दार पेलतां येतें. परंतु लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. भिंतींत गाडलेलें लोखंड गंजलें कीं तें फुगतें आणि सभोंवतालचा गिलावा आंतून फोडून काढतें. पत्रा वांकवून केलेल्या पोकळ चौकटीची स्थिति याहून बिकट. पुराचें पाणी आंत शिरतें, गाळ सोडून जातें आणि वरून रंग चकचकीत असतांना आंत गंज आपलें काम करीत राहतो. जस्ताचा मुलामा हा यावर खरा उपाय आहे. कारण जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. पण मुलामा जेथें कापला, भोंक पाडलें किंवा जोडकाम केलें, तेथून शत्रूस वाट मिळते.

अॅल्युमिनियमची कथा निराळी आहे. इ. स. १८८६ मध्यें अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू या दोन तरुणांनीं एकमेकांस न कळत विजेच्या साहाय्यानें हा धातु स्वस्तांत काढण्याची एकच युक्ति शोधिली, तोंवर तो मौल्यवान धातूंत गणला जाई. त्याचें मूळ द्रव्य बॉक्साइट. आणि तें कोल्हापूर जिल्ह्यांतच, राधानगरीकडील सह्याद्रीच्या सड्यांवर आहे. त्याच डोंगरांतून भोगावती निघते व पुढें पंचगंगेस मिळते. म्हणजे ज्या डोंगरांवरून पुराचें पाणी वाडीस येतें, त्याच डोंगरांच्या माथ्यावर पुरास न कुजणाऱ्या चौकटीचें द्रव्य पडलेलें आहे! अॅल्युमिनियम हवेंत येतांच स्वतःवर एक पातळ, घट्ट पापुद्रा धरतें आणि तोच त्याचें कवच होतो. तें हलकें असून रुंद कांचेचें दार सहज पेलतें. त्याचे दोष दोन. ओल्या सिमेंटचा व चुन्याचा क्षार तें कवच खातो, म्हणून भिंतीशीं उघडें अॅल्युमिनियम टेकूं देऊं नये. आणि सागाच्या हजारपटींहून अधिक सहजतेनें तें उष्णता वाहून नेतें. वैशाखांत पश्चिमेकडील चौकटीस हात लावणाऱ्यास हें निराळें सांगावें लागत नाहीं.

सर्वांत धाकटें साहित्य प्लास्टिकचें, बाजारांत ज्यास यूपीव्हीसी म्हणतात तें. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींत त्याच्या खिडक्या होऊं लागल्या आणि तेथून त्या जगभर गेल्या. त्यास गंज नाहीं, बुरशी नाहीं, वाळवी नाहीं. उष्णता तें लांकडाप्रमाणेंच अडवितें. पूर ओसरल्यावर धुतलें कीं झालें. पण तें उन्हानें फार वाढतें. दोन मीटर लांबीचा तुकडा तीस अंशांच्या फरकानें सुमारें चार मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच अॅल्युमिनियमची वाढ सुमारें दीड मिलिमीटर, आणि सागाची त्याच्या पांचव्या हिश्श्याइतकीहि नाहीं. बसवितांना भिंतीपासून थोडी मोकळी जागा न ठेविल्यास दार उन्हाळ्यांत अडकतें. शिवाय तें स्वतः लवचिक असल्यानें रुंद दारांत आंतून लोखंडी पट्टी घालावी लागते. ती पट्टी मुलाम्याची नसेल आणि पाणी निघून जाण्यास खालीं भोंकें नसतील, तर बाहेरून प्लास्टिक आणि आंतून गंज, असा प्रकार होतो.

या सर्व साहित्यांची कसोटी नदीनें अलीकडच्या काळांत लागोपाठ घेतली. इ. स. २००५, २०१९ आणि २०२१ हीं तीन वर्षें शिरोळ तालुक्यांतील कोणतेंहि घर विसरणार नाहीं. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्यें पाणी ५५ फुटांवर आणि २०२१ च्या जुलैंत ५६ फुटांवर गेलें. खालीं संगमाशीं कृष्णाच फुगलेली असली कीं पंचगंगेचें पाणी पुढें सरकत नाहीं. तें मागें तुंबतें आणि दिवसेंदिवस घरांत उभें राहतें. अशा वेळीं थर चिकटवून केलेलीं दारें सुटून येतात, भुशाच्या दाबलेल्या फळ्या फुगून कोंडा होतात, आणि सरकत्या दारांच्या खालच्या खोबणींत कृष्णेचा बारीक गाळ बसून तीं जागचीं हलत नाहींत. बिजागऱ्यांवरचें जुनें दार निदान उतरवून माळ्यावर टाकतां येतें.

घट्ट दार लावून पूर बाहेर ठेवतां येईल, ही आशा मात्र कोणत्याहि साहित्यावर ठेवूं नये. एक मीटर रुंद दाराबाहेर एक मीटर पाणी चढलें आणि आंत कोरडें राहिलें, तर त्या दारावर सुमारें पांचशें किलोचा रेटा पडतो. पाणी दुप्पट चढलें तर रेटा चौपट, म्हणजे दोन हजार किलो होतो. तेव्हां आधीं दार जातें. आणि दार फारच भक्कम असेल तर चौकटीसह भिंत जाते.

वाडीच्या देवळानें याचें उत्तर फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. पूर आला कीं उत्सवमूर्ति उंचावरील देवळांत हलवितात. पाणी मंदिरांत शिरतें, पादुकांवरून वाहतें आणि दक्षिणेकडील दारानें बाहेर पडतें. त्या प्रवाहांत स्नान करण्यास भाविकांची गर्दी लोटते. यासच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवून केवळ बांधणीच्या दृष्टीनें पाहिलें, तरी त्यांत मोठें शहाणपण आहे. हलविण्याजोगें तें आधींच वर न्यावें, पाण्यास येण्यास एक आणि जाण्यास दुसरी वाट द्यावी, आणि मधल्या वाटेवर जें राहील तें धुऊन पुन्हा पूजेस लागेल असेंच असावें.

घराच्या चौकटीसहि हाच न्याय लावावा. चौकटीचे चार भाग एकाच द्रव्याचे असले पाहिजेत, हा आग्रह सोडला कीं निवड सोपी होते. उंबरा आणि उभ्या बाजूंचा खालचा हात-दीड हात दगडाचा असावा. हल्लीं कर्नाटकांतून येणाऱ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यांमुळें हें पूर्वीपेक्षां सोपें झालें आहे. त्यावर पक्क्या गाभ्याचा साग उभा करावा. त्याचीं टोंकें तेल मुरवून बंद करावींत आणि तीं जमिनींत न गाडतां दगडावर ठेवावींत. अंगणाकडे रुंद कांचेचें दार हवेंच असेल, तर अॅल्युमिनियम किंवा प्लास्टिक घ्यावें. पण खोबणी उथळ व झाडतां येण्याजोगी असावी, पाणी जाण्यास भोंकें असावींत आणि फळ्या उतरवितां याव्यात. आणि पूर ओसरल्यावर लांकूड पुरतें वाळेपर्यंत त्यास रंगाचा हात देऊं नये. घाईचा रंग ओल आंत कोंडतो आणि बुरशीची सोय करतो. दिवाळीस घर नवें दिसावें ही इच्छा स्वाभाविक आहे, पण भिजलेल्या चौकटीस एक हिंवाळा-उन्हाळा उघडा मिळाला पाहिजे.

मेगास्थनीसानें पाहिलेल्या सुतारांपासून आजच्या कारागिरापर्यंत तेवीसशें वर्षें लोटलीं. साहित्य बदललें, पाण्याचा स्वभाव बदलला नाहीं. पूर उतरला कीं गांवांत पहिली विचारपूस होते ती किती उंबरे पुन्हा उघडले याची. त्या मोजणींत आपला उंबरा असावा असें ज्यास वाटतें, त्यानें चौकट निवडतांना बाजारांत जाण्यापूर्वी एकदां घाटावर जाऊन यावें, आणि मागील पुराची रेघ भिंतीवर कोठवर आली होती तें पाहावें.